पहिलटकरीण

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं, हे आमच्या इमारतीतल्या मांजराला कुणी सांगितलं, देव जाणे. आणि माहेर म्हणून तिनं आमचंच घर का धरलं, हेही त्यालाच ठाऊक. कारण तोवर ती तीन घरची होती. तळमजल्यावर तिचं नाव मनी, तिसऱ्या मजल्यावर लूसी आणि पहिल्या मजल्यावर, म्हणजे आमच्याकडे, नुसतंच 'ए'. सकाळी ती मनी म्हणून दूध प्यायची, दुपारी लूसी म्हणून एसीत झोपायची आणि संध्याकाळी 'ए' म्हणून आमच्याकडच्या बांगड्यांची डोकी खायची. डोंबिवलीत माणसाचं एका घराचे हप्ते फेडता फेडता आयुष्य सरतं. हिची तीन घरं, तीही वेगवेगळ्या मजल्यांवर, आणि मेंटेनन्स शून्य.

तिचं पोट दिसायला लागलं तेव्हा मला वाटलं, सुटलं असेल. सुटतं. मला अनुभव आहे. पण आई गॅलरीत मेथी निवडत बसली होती. तिनं चष्म्याच्या वरून एकदाच पाहिलं आणि म्हणाली, "हिला दिवस गेलेत."

"कशावरून?"

"चालीवरून. आणि पहिलटकरीण आहे, सांगून ठेवते."

ही बातमी संध्याकाळपर्यंत चारही मजल्यांवर पोचली आणि त्याच संध्याकाळी मनीची दोन घरं एकदम कमी झाली. तळमजला म्हणाला, "आमच्याकडे ती फक्त दूध प्यायला येते हो." तिसरा मजला म्हणाला, "आमच्याकडे फक्त झोपायला. तुमच्याकडे जेवते ना? मग ती तुमचीच." अन्नाचं नातं एवढं घट्ट असतं हे मला ठाऊक असतं, तर मी बांगड्याची डोकी स्वतः खाल्ली असती.

तिला झाकणाच्या बास्केटमध्ये घालून रिक्षानं डॉक्टरांकडे नेलं. रिक्षावाल्यानं आरशातून पाहत विचारलं, "केस कसली?" म्हटलं, "बाळंतपणाची." तो पठ्ठ्या खड्ड्यांना वळसे घालत इतका सावकाश गेला की आपल्याही शहरात रिक्षा अशी चालवता येते, याचा मला त्या दिवशी पहिल्यांदा साक्षात्कार झाला. माझी बायको नवव्या महिन्यात असताना असा एकही रिक्षावाला भेटला नव्हता. ही तुलना बायकोनं केली, मी नाही.

डॉक्टरांनी पोट हलक्या हातानं चाचपलं आणि विचारलं, "मेटिंग कधी झालं?"

मी सोसायटीचा मानद खजिनदार आहे. डोक्यात दुसरं काही नसतंच. म्हणालो, "अजून व्हायचीय. 30 सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते. ऑडिट अडकलंय."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मग मनीकडे पाहिलं आणि प्रश्न पुन्हा, जरा सोप्या शब्दांत विचारला. मांजराचं गर्भारपण साधारण 63 ते 65 दिवसांचं. सुरुवात कळली, तर शेवट सांगता येतो. पण सुरुवातीची तारीख आणायची कुठून? जिची होती ती बोलायला तयार नव्हती.

तारीख मिळाली ती सोसायटीच्या तक्रारवहीत. दुसऱ्या मजल्यावरचे काका रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून ती वही एकहाती चालवतात. नोंद त्यांच्या टपोऱ्या अक्षरात होती: "दि. 5 जुलै. रात्री 1.40 ते 2.25. गच्चीच्या जिन्यात मांजरांचा असह्य आरडाओरडा. सभ्य वस्तीस अशोभनीय." खाली सही. त्याखाली दुसऱ्या दिवशीची नोंद: "कालचाच प्रकार. बोका मात्र वेगळा. काल काळा होता, आज पिवळा."

मी बोटं मोडून हिशेब केला. 6 ते 9 सप्टेंबर.

ही दुसरी नोंद मी डॉक्टरांना फोनवर वाचून दाखवली. ते म्हणाले, "होतं असं. मांजरीत बीज सुटतं तेच संग झाल्यावर. लागोपाठ दोन बोके आले, तर एकाच वेताच्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात."

हे काकांना सांगायची काही गरज नव्हती. पण मी सांगितलं. काका बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे माझी नोंद अचूक होती तर!" निवृत्तीनंतर त्यांच्या कामाची शास्त्रानं घेतलेली ही पहिलीच दखल असावी.

त्यानंतर आमच्या घरात दोन पक्ष पडले. एक आईचा, एक चिरंजीवांच्या मोबाइलचा. आईनं डिंक, खारीक आणि अळीव आणले. डॉक्टरांनी सांगितलं होतं की पिल्लांसाठी मिळतं तेच खाणं गाभण मांजराला द्या, त्यात प्रथिनं जास्त असतात. थोडं थोडं, पण दिवसातून अनेकदा.

"बाळंतिणीला पोरांचा खाऊ?" आई म्हणाली. "कुठला डॉक्टर हा?"

"आणि गाईचं दूध नको म्हणालेत. मोठ्या मांजरांना पुष्कळदा पचत नाही."

हे ऐकून आईनं मोबाइल, डॉक्टर आणि मी अशा तिघांकडे एकाच नजरेनं पाहिलं. मांजराला दूध पचत नाही हे आईच्या पिढीला सांगणं म्हणजे चंद्रावर ससा नाही हे सांगणं. अळिवाची खीर झालीच. मनीनं ती हुंगली आणि पंजानं फरशी खरवडून ती पुरण्याचा प्रयत्न केला. डिंकाचे लाडूही झाले, डबाभर. ते कुणीतरी खायला हवेतच. बाळंतपण होईपर्यंत वजन मनीपेक्षा माझंच जास्त वाढलं.

बाळंतिणीची खोली मी तयार करायला घेतली. टीव्हीचा जुना खोका होता. त्याला एका बाजूनं दार कापलं. उंबरठा असा की आईला ओलांडता यावा, पिल्लांना नाही. कडा टोचू नयेत म्हणून चिकटपट्टी लावली. तळाला वर्तमानपत्रं, त्यावर बायकोची विरलेली सुती साडी. चिरंजीवांनी साडीचे लोंबते धागे कात्रीनं कापले, कारण पिल्लांच्या पायात अडकतात. खोका शांत, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवला. इतकं काळजीपूर्वक केलेलं काम माझ्या हातून यापूर्वी झालेलं नाही. मनी आली. खोक्याभोवती एक प्रदक्षिणा घातली. मग खोक्याचं कापलेलं दार, जे मी केरात टाकायला बाजूला ठेवलं होतं, त्या तुकड्यावर जाऊन बसली.

पुढे तिनं घर बघायला सुरुवात केली. कपाट बघितलं, साड्यांचा कप्पा तुडवून बघितला, वॉशिंग मशीनमध्ये डोकावली, देवघराखालच्या कप्प्यात वाती आणि कापराच्या शेजारी अर्धा तास काढला. एजंटाशिवाय इतकी घरं मी स्वतः पाहिली नव्हती. आणि शेवटी तिला पसंत पडला तो माझ्या टेबलाखालचा खोका. त्यात सोसायटीची वर्षभराची व्हाउचरं होती.

"तिथं नको," मी म्हणालो. तिला उचलून टीव्हीच्या खोक्यात ठेवलं. मी वळेपर्यंत ती परत व्हाउचरांत. पुन्हा उचललं. पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला तिनं माझ्या मनगटावर दात टेकवले. चावली नाही, नुसते टेकवले, नोटीस दिल्यागत. मग माझ्याकडे बघत तिनं पाण्याची टाकी साफ केल्याची पावती नखांनी उभी फाडली, दुमडली आणि अंगाखाली घेतली. लिफ्टच्या वार्षिक देखभालीचं बिल उशाला गेलं.

"अगं, ऑडिट आहे!" मी ओरडलो.

"तिची तारीख आधीची आहे," बायको म्हणाली.

प्रसूती जवळ आली की मांजराचं अंग थोडं गार पडतं; तापमान 100 फॅरेनहाइटच्या खाली उतरलं की बहुधा दिवसभरात सुटका होते, ही माहिती चिरंजीवांनी मोठ्यानं वाचून दाखवली. थर्मामीटरही आणून ठेवला. मग तो कुठे लावायचा असतो, तेही वाचून दाखवलं. घरात शांतता पसरली. आईला अचानक जप आठवला. बायको म्हणाली, कुकर लावायचाय. चिरंजीव म्हणाले, "बाबा, तुमच्याशी तिचं जास्त जमतं." मी मनीकडे पाहिलं. मनीनं माझ्याकडे पाहिलं. आमचं जे काही जमतं ते पुढेही जमावं, म्हणून थर्मामीटर डबीत घातला.

अंगाचं तापमान न बघताही कळलंच. 8 तारखेच्या रात्री तिनं खाणं सोडलं, तोंड उघडं टाकून धापा टाकायला लागली, उठायची, गोल फिरायची, शेपटीखाली चाटायची, परत बसायची. आणि आश्चर्य म्हणजे या सगळ्यात घुरघुरत होती. खूश असली की मांजर घुरघुरतं, एवढंच मला माहीत. कळा देतानाही घुरघुरतं, हे नवीन होतं.

आईनं शेगडी पेटवली. ओवा, वावडिंग, बाळंतशेपा घालून धुरी द्यायची तयारी. पहिला धूर निघाला आणि मनी खोक्यातून उठून सोफ्याखाली गेली. डॉक्टरांनी बजावलं होतं की गडबड, गोंधळ, उजेड, अनोळखी माणसं यांनी मांजर कळा थांबवून धरू शकतं. तासन्‌तास, कधी तर दिवसभरसुद्धा. आणि नेमका त्याच वेळी मागच्या मैदानात गणपतीसाठी ढोलपथकाचा सराव रंगात आला होता. मी खिडक्या लावल्या, आईला शेगडी विझवायला सांगितली. आई म्हणाली, "चार बाळंतपणं केलीत मी या हातांनी."

"माणसांची, आई."

"मग? मांजरांचा ओवा वेगळा असतो का?"

धूर ओसरल्यावर मनी परत आली. मी पाणी प्यायला उठलो, तर ती खोक्यातून बाहेर येऊन माझ्या मागे स्वयंपाकघरात. मी बसलो, ती बसली. मी उठलो, ती उठली. असं दोनदा झाल्यावर बायकोनं मला टेबलाखाली उशी दिली आणि फर्मावलं, "हलायचं नाही." मग दारातच थांबून म्हणाली, "तुमच्या चिरंजीवांच्या वेळी तुम्ही कुठे होतात, आठवतंय? हॉस्पिटलसमोर वडापाव खात."

"नर्सनं बाहेर बसायला सांगितलं होतं."

"दोन वडापाव."

या विषयावर टेबलाखालून बाजू मांडणं अवघड असतं.

पहिलं पिल्लू अकराच्या सुमारास आलं. आलं म्हणजे काय, एक करडी, चकाकती पिशवी बाहेर सरकली आणि इमारतीच्या रंगकामाच्या कोटेशनवर पडली. मनीनं मागे वळून 'हे कुणाचं?' अशा नजरेनं एकदा पाहिलं. मग कुणी शिकवल्याविना दातांनी पिशवी फाडली, आधी तोंड चाटलं, मग अंग, इतक्या रेट्यानं की मला ओरडावंसं वाटलं, 'अगं, हळू!' पण त्या रेट्यानंच ते पिल्लू आकसलं, तोंड उघडलं आणि एक बारीक, रागावलेला आवाज निघाला. नाळ तिनं दाढेखाली धरून चावून तोडली. ओल्या मोज्याएवढा तो जीव, डोळे बंद, कान मिटलेले, जेमतेम शंभर ग्रॅमचा. पण कोटेशनवरून सरपटत पाचेक मिनिटांत दुधाशी पोचला. आमच्याकडच्या चिरंजीवांना दहावीनंतर कुठल्या शाखेत जायचं ते अजून कळलेलं नाही.

"वार पडली का?" आईनं दारातून विचारलं.

डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं: दर पिल्लामागे एक वार पडायला हवी, आत राहिली तर पुढे ताप. मोजत राहा. मोजणं हे माझं क्षेत्र. मी सोसायटीची कच्ची वही घेतली, रकाने आखले. डावीकडे पिल्लं, उजवीकडे वार. पण मनी वार पडताक्षणी खाऊन टाकत होती. ते तिच्या निसर्गाला धरून असेल. हिशेबाच्या दृष्टीनं मात्र अतिशय गैर. खजिनदाराच्या समोर पुरावा गिळला जात होता आणि पावती मिळत नव्हती.

दुसऱ्याच्या वेळी शेपूट आणि मागचे पाय आधी दिसले. माझे हातपाय गार. डॉक्टरांना फोन लावला. ते झोपेतच म्हणाले, "मांजरात शेपूट आधी आली तरी चालतं. ओढू नका." मी ओढलं नाही, मला तर बघवतही नव्हतं. पण आईचा चेहरा उजळला. "पायाळू! अरे, पायाळू आहे हे! नशीब काढेल." ते पिल्लू पिवळं होतं. रकान्यात मी त्याच्यापुढे 'पायाळू' असा शेरा मारला.

तिसरं काळं. मग काहीच नाही. पिल्लं तीन, वार दोन. ताळा जुळेना. साडेबारा झाले, एक वाजला. मी पुन्हा फोन केला.

"जोर करतेय का?" डॉक्टर म्हणाले. "वीस-तीस मिनिटं जोराच्या कळा देऊनही पिल्लू येत नसेल, तर लगेच घेऊन या."

"जोर नाही. पिल्लांना पाजतेय, आणि माझ्याकडे बघतेय."

"मग ती विश्रांती घेतेय. तुम्हीही घ्या."

मला कसली झोप! खजिनदार एक वार कमी असताना झोपू शकत नाही. मी टेबलाखाली वहीवर हात ठेवून टक्क जागा राहिलो. निदान माझी तशी समजूत होती. जाग आली ती सकाळी दारावरच्या "म्हावरंऽऽ" या आरोळीनं. कोळीण मावशी टोपली उतरवून थेट आत आल्या, टेबलाखाली वाकल्या. आधी माझ्याकडे पाहिलं, मग खोक्यात.

"चार झाली व्हय!"

"तीन, मावशी. नोंद आहे."

"चार हायत, दादा. ती बघा तिच्या काखेत. तुमी झोपलात, तवाच तिला फुरसत गावली."

चौथं पांढरं होतं, कोरडं, स्वच्छ, दूध पिऊन गाढ झोपलेलं. मनीचं पोट सपाट, श्वास शांत, अंगाखालची पावती ओली. दोन्ही उरलेल्या वारांचा हिशेब तिनं परस्पर मिटवला होता. मावशींनी तिला एक अख्खा बोंबील दिला आणि माझ्याकडून पैसे घेतले.

रंग बघायला इमारत लोटली. काकांनी वही काढली. "काळा बोका, काळं पिल्लू. पिवळा बोका, पिवळं पिल्लू. सिद्ध झालं!" मी डॉक्टरांचं मत सांगितलं की मनी स्वतः तिरंगी, पिवळा आणि काळा दोन्ही रंग तिच्याच अंगात आहेत, रंगावरून बाप ठरत नाही. काका म्हणाले, "डॉक्टर त्या रात्री जिन्यात नव्हते."

पाचव्या रात्री आईनं सटवीची पूजा केली. सटवी येऊन नशीब लिहिते, तर तिला कोरा कागद आणि लेखणी ठेवावी लागते. खोक्यात कोरं काही नव्हतंच. सटवीनं काय लिहिलं असेल ते लिफ्टच्या बिलाच्या पाठीमागे लिहिलं असेल.

आणि दोनेक दिवसांतच ऑडिटरचा फोन आला, व्हाउचरं पाठवा. मी गुडघ्यावर बसून मनीला परिस्थिती समजावून सांगितली. टीव्हीच्या खोक्यात नवी साडी घातली. ती ऐकत होती असं वाटलं. संध्याकाळी ऑफिसातून आलो तर व्हाउचरांचा खोका रिकामा, उबदार आणि पिल्लं गायब. मांजर पिल्लांना सात घरं फिरवतं म्हणतात. पण हिनं दुसऱ्याच फेरीत नेम साधला. एकेकाला मानेला धरून जिन्यानं वर नेलं होतं, थेट काकांच्या पलंगाखाली.

मी माफी मागायच्या तयारीनं गेलो. दार काकूंनी उघडलं. काका पलंगावर पालथे. त्यांच्या उघड्या पाठीवर, कमरेच्या जरा वर, पिवळं पिल्लू सरपटत होतं.

"चमक भरलीय," काका उशीत तोंड खुपसून म्हणाले. "पायाळूचा पाय लागला की उतरते. तुमच्या आईंनीच सांगितलं. जरा डावीकडे सरकवा हो त्याला."

मी सरकवलं. काकांना बरं वाटलं, की पिल्लाला तिथं ऊब मिळाली, ते माहीत नाही. पण ते दोघंही निश्चल झाले. मनी पलंगाखालून नुसती बघत होती.

वार्षिक सभा 28 सप्टेंबरला झाली. व्हाउचरांविषयी ऑडिटरचा शेरा मी शक्य तितक्या वेगानं वाचला: काही पावत्या ओल्या, फाटक्या व अस्पष्ट आढळल्या. चौथा मजला उठला. कारण काय? मी म्हणालो, नैसर्गिक. पुढचा प्रश्न यायच्या आत काका उभे राहिले, एक हात कमरेवर. "अध्यक्षमहोदय, मांजर पिल्लांना पाजत असतानाच पुन्हा माजावर येऊ शकतं, असं डॉक्टर म्हणतात. म्हणजे पुन्हा तोच जिना, तोच आवाज आणि पुन्हा मीच लिहायचं. पिल्लं आठ आठवड्यांची होऊन सुटली की तिचं ऑपरेशन करून घ्यावं. खर्च सोसायटीनं करावा."

"मांजराचा खर्च सोसायटी का करणार? ते त्यांचं आहे," तिसऱ्या मजल्यानं माझ्याकडे बोट दाखवलं.

"सध्या माझ्याकडे राहतं," काका म्हणाले.

"उद्या तुमच्याकडे येईल," तळमजला तिसऱ्या मजल्याला म्हणाला.

तिसऱ्या मजल्यानं लगेच अनुमोदन दिलं. ठराव एकमतानं मंजूर. आमच्या सोसायटीत गेल्या कैक वर्षांत एकमतानं मंजूर झालेला ठराव म्हणजे मागच्या अध्यक्षांना श्रद्धांजली, तेवढाच.

राहिला प्रश्न खात्याचा. हा खर्च कुठल्या शीर्षाखाली दाखवायचा? पाणी नव्हे, वीज नव्हे, सुरक्षाही नव्हे. 'करमणूक' कुणीतरी सुचवलं, ते आईनं मागच्या खुर्चीवरून फेटाळलं. शेवटी मी 'दुरुस्ती व देखभाल' या सदरात रक्कम टाकली आणि ऑपरेशन नोव्हेंबरात नीट पार पडलं.

पुढच्या वर्षीच्या लेखापरीक्षण अहवालात त्या रकमेसमोर शेरा आला: "दुरुस्ती नेमकी कशाची केली व पुन्हा नादुरुस्ती न होण्याची हमी ठेकेदाराने दिली आहे काय, याचा खुलासा जोडावा."